उकळत्या पातेल्याची राखण

"थे थैली उंबऱ्याच्या बाहेर ठेव, मंग बोल."

दारात आडवी उभी असलेली बाई माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या खांद्यावरच्या थैलीवर होती. या यमुनाबाई. नागपूरजवळच्या वाडीला अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत, त्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची एक रांग होती. त्यातल्या दोन खोल्या यांच्या. मुलगा देवा ट्रक चालवायचा. नवरा सावनेरकडे कोळशाच्या खाणीत, सुटीला घरी यायचा. यमुनाबाईंच्या खांद्याआडून सून पुष्पा मला बघत होती. पोट चांगलंच दिसत होतं.

"काय असंन थैलीत, तुम्हाला काय वाटते?" मी विचारलं.

"मले काय ठावं? कात्री असंन, सुया असतीन. आमच्या पोरीले झोपवून आपरेशन करून टाकाची सारी औजारं असतीन."

मी थैली उंबऱ्याबाहेर ठेवली. पण आतून पेटले होते.

मी एएनएम होते. म्हणजे घरोघर फिरणारी नर्स. गरोदर बायांची तपासणी, इंजेक्शनं, बाळंतपण, लहान मुलांचे डोस, हे सगळं तिच्याकडे. आणीबाणी नुकतीच उठली होती. आणीबाणीत कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनांचं टार्गेट असायचं. इतक्या केसेस आणा, नाहीतर पगार थांबेल. मी तेव्हा शहरात होते. एक दिवस आमच्या वरच्या साहेबांनी एका पानठेलेवाल्याला धरून आणायला सांगितलं. त्याला एकच मूल होतं. मी सर्वांसमोर सांगितलं, "मी आणणार नाही. तुम्हाला पाहिजे तर तुम्ही टेबलावर झोपा." आणीबाणी उठल्यावर लोकांच्या तक्रारी आल्या तेव्हा साहेबांना बढती मिळाली आणि माझी वाडीला बदली झाली. जे मी केलंच नाही त्याची भीती बाळगून इथली दारं माझ्या तोंडावर बंद व्हायची. हा राग मी आजही सोडलेला नाही.

उंबऱ्यापाशी उभी राहूनच मी पुष्पाला विचारलं, "हे पहिलं का?"

उत्तर यमुनाबाईंनी दिलं. "दुसरं. पयला पोरगा गेला."

"कसा?"

"चांगला व्हता. दूध पिऊन राहिला व्हता. मंग एकदम जबडा आवळला. आंग लाकडासारखं ताठ. कोणाची तरी नजर लागली."

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. हा धनुर्वात. बाळाची नाळ घाण पात्याने कापली, किंवा बेंबीवर राख नाहीतर शेण लावलं, की त्याचे जंतू बेंबीतून आत जातात. आठवडाभरात बाळ आखडतं. तेव्हा त्यातून वाचलेलं बाळ मी पाहिलेलं नाही. आणि तो टाळायला लागतं काय? आईला दोन इंजेक्शनं, स्वच्छ हात, स्वच्छ जागा, उकळलेली कात्री. बस.

"नाळ कोणी कापली होती?"

"मीच. काहून?"

"काही नाही," मी म्हणाले आणि निघाले. पुष्पाने दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. ती एकही शब्द बोलली नव्हती. पण बाजारात कोणी पाकीट मारेल म्हणून माणूस खिसा धरतो, तसे दोन्ही हात पोटावर धरले होते.

*

आमचे मेडिकल ऑफिसर, एमओ म्हणायचो आम्ही, तरुण होते. वाईट नव्हते. फक्त घाबरट होते.

"सिस्टर, आधीचं मूल गेलंय ना? मग आरोग्य केंद्रात आणा. घरी डिलिव्हरी नको."

"सर, ते लोक केंद्राचं नाव काढलं की दार लावतात. त्यांना वाटतं आपण ऑपरेशन करून टाकू."

"मग समजवा."

"समजवायला आधी घरात तर शिरू द्या मला."

"आणि काही झालं तर मेमो मला येईल."

"तुम्हाला आला की तुम्ही मलाच देणार," मी म्हणाले. "तेव्हा भ्यायचं ते मला भिऊ द्या."

माझी आई सावनेरच्या बाजारात भाजी विकायची. मी शाळा सुटली की तिच्या पालावर बसायचे. नर्सिंगला गेले तीही त्याच पालाच्या जोरावर. मला कोणी खुर्चीवर बसवलेलं नाही. आईची एक युक्ती होती. जी कोथिंबीर आपण फुकट देणारच असतो, ती गिऱ्हाइकाला आपल्या हातून ओढून घेऊ द्यायची. त्याला जिंकल्यासारखं वाटतं आणि वांगी आपल्या भावाने जातात.

मी पुन्हा यमुनाबाईंच्या दारात गेले. थैली स्वतःच बाहेर ठेवली.

"माय, मी दवाखान्याचं नाव नाही काढत. बाळंतपण इथंच, तुमच्या घरी. पण पुष्पाला एक सुई द्यावी लागते. महिन्याने आणखी एक."

"सुई नाई."

"हातावर देते माय, दंडावर. त्याच्यानं पोर होणं बंद होत नाही."

"मी कशी मानू?"

मी थैलीचा पट्टा नीट करत बसले. गिऱ्हाईक विचार करत असलं की आपण वांगी नीट मांडत बसायचं. यमुनाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पदर खोचला आणि दंड पुढे केला.

"पयले मले दे."

"तुम्हाला?"

"हो. मी म्हातारी. मले काई झालं त कोणाचं काय जाते? मी धडधाकट राहिली त मंग तिले दे."

मी थक्क झाले. हीच बाई परवापर्यंत मला दारात उभं करत नव्हती. मी सिरिंज भरली आणि यमुनाबाईंना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. त्यांनी डोळेही मिटले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी गेले तर त्या दारातच बसलेल्या.

"हात दुखून राहिला," त्या म्हणाल्या. "बाकी काई नाई. दे तिले."

पुढच्या महिन्यातही तोच क्रम. आधी सासू, मग सून. एमओंनी रिपोर्ट पाहून मला बोलावलं.

"हे काय? गरोदर बायांच्या डोसमधून एका म्हातारीला दोन डोस?"

"सर, सासूशिवाय सून मिळत नव्हती."

"मी यांना कोणत्या रकान्यात दाखवू?"

"गर्भवतीची सासू. नवीन रकाना काढा."

ते हसले नाहीत. पण सही केली.

*

खरा सौदा आठव्या महिन्यात झाला. ओट्यावर बसून. मी माझ्या अटी मांडल्या. कळा सुरू झाल्या की लगेच मला निरोप. खोली स्वच्छ पाहिजे. बेंबीवर काही म्हणजे काही लावायचं नाही. आणि देवाचा ट्रक दारात उभा राहील, डिझेल भरून. काही अडलं आणि मी म्हटलं चला, तर कोणी काहून म्हणून विचारायचं नाही.

"अन् माह्या अटी?" यमुनाबाई म्हणाल्या.

"सांगा."

"तुही थैली मी या ओट्यावर खाली करीन. एकेक वस्तू मी पायीन. जे आत जाईन थे माह्या पातेल्यात, माह्या चुलीवर उकळंन. वर झाकण. झाकण मी धरीन. मी म्हटल्याबगर कोणी उघडाचं नाई. अन् मी खोलीतून हालणार नाई."

आता खरं सांगते, त्यांनी त्या क्षणी माझ्या मनातलं सगळं मागितलं होतं. हत्यारं खळखळ उकळायची, वर झाकण ठेवायचं, मधे कोणी हात घालायचा नाही. याला आमच्या भाषेत स्टरिलायझेशन म्हणतात. हे शिकवता शिकवता माझा घसा बसायचा. शिकलेल्या घरांतसुद्धा मी पाठ वळवली की कोणीतरी पाण्यात बोट घालून बघायचं, आणि इथे ही बाई स्वतःहून राखण करायला बसत होती. कात्रीला मी काही औषध लावून आणलं असेल, ते धुऊन जावं म्हणून.

पण मी लगेच हो म्हटलं असतं तर त्यांना शंका आली असती. मी कपाळाला आठ्या घातल्या.

"असं कसं जमेल माय? सरकारी सामान आहे."

"मंग जा."

"झाकण तुम्ही धरणार?"

"मीच."

"बरंच ओढता तुम्ही," मी म्हणाले आणि एक सुस्कारा सोडला. "ठीक आहे. पण मग किती वेळ उकळायचं ते मी सांगणार."

"पाइजे तेवढं उकळव. माह्या घरी लाकडं हायेत."

दारामागून हसण्याचा आवाज आला. पुष्पा. मी त्या मुलीचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

*

निरोप आला तो तान्ह्या पोळ्याच्या सकाळी. पोळ्याला बैल सजवतात, आणि आमच्या नागपूरकडे दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडाचे बैल सजवून घरोघर फिरतात. त्यांना खाऊ किंवा चिल्लर द्यायची. त्याला बोजारा म्हणतात. त्याच दिवशी शहरात मारबतीची, म्हणजे रोगराई हाकलायला काढलेल्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. केंद्राची जीप एमओंना घेऊन तिकडे ड्युटीला गेली होती. मी सायकल काढली.

देवाचा ट्रक दारात उभा होता. बॉनेटवर झेंडूची माळ. देवा स्वतः टायरवर बसून घाम पुसत होता.

"शिस्टर, डिझेल फुल हाय," तो म्हणाला. सकाळपासून त्याने हे बहुतेक सगळ्यांना सांगितलं असावं.

मी आत पाय टाकला आणि तिथेच थांबले.

खोली चकचकीत होती. भिंतीवरची जाळी काढलेली. पुष्पाचं अंथरूण धुतलेलं. आणि जमीन, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ताज्या शेणाने सारवलेली. अजून ओली. कडेला पांढरी रांगोळी. पोळ्याचा सण, वर मी सांगितलेली स्वच्छ खोली. या घरात स्वच्छ म्हणजे सारवलेली. मीच सांगायला पाहिजे होतं का? मला कसं सुचावं? माझ्या आईच्या घरीही असंच होतं.

धनुर्वाताचे जंतू कुठे राहतात विचाराल तर शेणात आणि मातीत. बाळाला यायला थोडाच वेळ होता आणि मी त्याच्यासाठी जंतूंची सतरंजी अंथरून घेतली होती.

"हे कोणी केलं?" मी ओरडले.

"मी!" यमुनाबाई पातेल्याजवळून म्हणाल्या. अभिमानाने. त्यांचे हात कोपरापर्यंत हिरवे होते. बांगड्यांच्या मधे शेण वाळलेलं. आणि त्या हातात झाकण.

"ते झाकण खाली ठेवा! हात लावू नका!"

"काहून? ठरलं व्हतं! झाकण मी धरीन!"

"तुमच्या हाताला शेण आहे! शेणानंच..."

मी थांबले. पण अर्धं वाक्य बाहेर पडलं होतं. आणि यमुनाबाई अडाणी असतील, मूर्ख नव्हत्या. झाकण त्यांनी हळूच खाली ठेवलं. पुष्पा अंथरुणावर कण्हत होती. यमुनाबाईंनी आवाज अगदी खाली आणला.

"मंग पयला... माह्याच्यानं गेला का वं?"

आयुष्यात मी पुष्कळ लोकांशी भांडले आहे आणि कोणाला उत्तर द्यायला कमी पडले नाही. इथे मात्र दोन्हीकडून अडले. खरं बोलावं तर बाई मोडेल. खोटं बोलावं तर पुन्हा शेण लावेल. आणि वेळ नव्हता. मी त्यांच्याच बोलीत म्हणाले,

"माय, थो कोणाच्यानं गेला थे वरच्याले ठावं. हा येऊन राहिला हाय, थो तुमच्या हातानं जगंन का नाई, थे तुम्हाले ठावं. साबण कुठं हाय?"

यमुनाबाई उठल्या.

त्यांनी हात धुतले असं मी म्हणणार नाही. त्यांनी हात घासले. नारळाच्या काथ्याने, साबणाने, जोर लावून, जसं तळाला लागलेलं पातेलं घासतात तसे. नखं मी नवीन ब्लेडने कापली. आता बांगड्या राहिल्या. काढा म्हटलं तर नवरा जिवंत असलेली बाई काढणार नाही. घालून ठेवल्या तर मधे शेण.

"वर चढवा," मी म्हणाले.

बांगड्यांना त्यांनी एकेक करून साबण चोळला, कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि धुतलेल्या फडक्याने बांधून टाकल्या. मग दोन्ही हात पुढे करून उभ्या राहिल्या. ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर उभे राहतात ना, तशा. कोणी शिकवलं नव्हतं.

"आता जमिनीचं काय?" त्यांनी विचारलं.

मी दारातून ओरडले, "देवा! ट्रकवरची ताडपत्री जुनी की नवी?"

"नवी हाय! मागच्याच ट्रिपले घेतली! आजून मालावर टाकली नाई!"

"काढ!"

देवा आणि शेजारच्या दोन ड्रायव्हरांनी ती ताडपत्री ओढून काढली, विहिरीच्या पाण्याने आणि साबणाने घासली, मग गरम पाणी ओतलं. मोठ्या मिशांची तीन माणसं रस्त्यावर गुडघ्यांवर बसून फरशी पुसल्यासारखी ताडपत्री पुसत होती. ती दुहेरी घडी करून आम्ही आतल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकली. वर उकळून वाळवलेली लुगडी. शेणाचा एक कोपराही दिसेना.

"माह्या तांदळाले नवी घेतली व्हती," देवा बाहेरून म्हणाला.

"तांदूळ थांबतीन," त्याची आई म्हणाली. "तू बायेर थांब."

ठरल्याप्रमाणे मी ओट्यावर थैली खाली केली, यमुनाबाईंनी एकेक वस्तू पाहिली, आणि घासलेल्या पातेल्यात, घासलेल्या झाकणाखाली सगळं उकळायला लागलं. पुढचं पुष्पाने केलं. लोकांना वाटतं बाळंतपण नर्स करते. नर्स थांबते. बाई करते. दुपार कलायला लागली तसा तिचा जोर वाढला. पहिल्या महिन्यांत एक शब्द न बोललेली ही मुलगी आता देवाला, ट्रकला आणि ज्याने लग्न जमवलं त्या मामाला अशा शिव्या देत होती, की बाहेरचे ड्रायव्हर गप्प झाले.

"दे, दे," यमुनाबाई तिला म्हणाल्या. "माह्या वाटच्याही दे दोन."

डोकं दिसलं. मानेभोवती नाळेचा एक वेढा होता. सैल होता. हे पुष्कळदा होतं. बोटाने उचलून डोक्यावरून काढायचा. मी काढला. पुढच्या कळेसरशी बाळ माझ्या हातात घसरलं आणि एक क्षण काहीच झालं नाही. मी पाठ चोळली. तळवे चोळले. यमुनाबाईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मग बाळ रडलं. असं, की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"पोरगी हाय," मी म्हणाले.

"आवाज पाय तिचा," यमुनाबाई म्हणाल्या. "हार्न हाय, हार्न."

आता नाळ. मी हात पुढे केला. यमुनाबाईंनी निवलेल्या पातेल्याचं झाकण उचललं, फक्त एवढं, आणि चिमटा काढून माझ्या हातात दिला. मग उकळलेला दोरा. मग कात्री. प्रत्येक वेळी झाकण परत बंद. मी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात काम केलेलं आहे. इतकी शिस्तीची असिस्टंट मला तिथे मिळाली नव्हती. नाळ कापली, बेंबी कोरडी ठेवली. वार, म्हणजे ज्यातून बाळाचं पोषण होतं तो भाग, पूर्ण बाहेर पडली का ते तपासलं. पडली होती.

बाहेर गलका झाला. लाकडी बैल घेतलेली मुलं दारात आली होती, बोजारा मागायला. देवा टायरवर बसून रडत होता, तर त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालं, आणि ती मागे सरकली. यमुनाबाई बांगड्या कोपरावर बांधलेल्या तशाच बाहेर आल्या.

"जाता कुठं? सारे बैल इकडं आणा! पोरगी झाली आमच्या घरी!"

घरात होतं नव्हतं ते वाटलं. करंज्या, पुरणपोळ्या, गुळाचा अख्खा खडा. एका बैलाच्या गळ्यात त्यांनी ट्रकवरची झेंडूची माळ घातली. बैल माळेपेक्षा लहान होता.

*

पुढचे दिवस मी रोज गेले. काळजी तिथेच होती. बाळ दूध ओढतंय का, जबडा सैल आहे का. पहिला मुलगा ज्या दिवशी आखडला होता तो दिवस यमुनाबाईंनी मला सांगितला नव्हता, पण मला तो कळला. त्या दिवशी मी गेले तेव्हा त्या बाळाच्या पाळण्याशी बसल्या होत्या, आणि बाळाने तोंड उघडून भलीमोठी जांभई दिली की लगेच पुष्पाला हाक मारायच्या, "पाय वं, जबडा कसा उघडते! आ करते!" बाळ बिचारं झोपायला बघत होतं.

बेंबीचा खुंट वाळून पडला. खालची जागा स्वच्छ, गुलाबी. मी तपासून हात धुतले. बाहेर आले तर थैली उंबऱ्यावर नव्हती.

"थैली कुठाय?"

"आत हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "बाहेर कुत्रे फिरते. काई अक्कल हाय का नाई तुले?"

बारशाला सगळी रांग जमली. यमुनाबाई सगळ्यांना सांगत होत्या, "बाळंतपण मीच केलं. शिस्टर व्हती सोबतीले." मी ते ऐकलं आणि कानात शिसं गेल्यासारखं वाटलं. भांडणार होते. पण शेजारची एक गरोदर बाई त्यांना विचारत होती, "मंग थ्या सुईनं काही होते का?" आणि यमुनाबाई दंड दाखवत म्हणाल्या, "दोनदा घेतली मी. परवा खिळा रुतला पायात, काही झालं नाई." मी पुरणपोळी खाल्ली.

त्यानंतर त्या रांगेत मला कोणी अडवलं नाही. यमुनाबाई माझ्या पुढे चालायच्या आणि प्रत्येक दारात सांगायच्या, "थैली मी पायली हाय." झाकण धरायचं काम मात्र त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

इतक्या वर्षांत मी शिकले ते एवढंच. ज्याचा आपल्यावर विश्वास नाही, त्याला समजवत बसू नये. त्याला राखणीला बसवावं. विश्वास ठेवणारे लोक डुलक्या घेतात.

काही वर्षांनी मला शहरात परत येण्याची ऑर्डर आली. मी ती नाकारली. लोक म्हणतात, बघ, ज्या साहेबाने तुझी वाडीला बदली केली त्याचे आभारच मानायला पाहिजेत. मी मानत नाही. तो भेटला तर मी आजही त्याला उंबऱ्याबाहेरच उभा करीन.